स्टाल्कर : एका शब्दाचा आणि एका प्रदेशाचा प्रवास

संगणकावरील खेळाला वाङ्मयीन पूर्वपीठिका असू शकते, ही कल्पना साहित्याच्या अभ्यासकाला सहजासहजी रुचत नाही. कादंबरीवरून चित्रपट होतो, नाटक होते, क्वचित संगीतिकाही होते. आणि अशा रूपांतरांची चर्चा करण्याची परिभाषा समीक्षेने आता बऱ्यापैकी कमावली आहे. खेळाशी आल्यावर ही परिभाषा थबकते. खेळ हा वेळ घालवण्याचा प्रकार, त्यात नेमबाजी असते, गुणांची बेरीज असते, तेव्हा त्यात परंपरा कसली शोधायची, असा सूर लागतो. हा सूर सर्वस्वी चुकीचा आहे असेही नाही. बहुसंख्य खेळांच्या बाबतीत तो खराच आहे. परंतु मार्च २००७ मध्ये युक्रेनची राजधानी कीव्ह येथील 'जीएससी गेम वर्ल्ड' या संस्थेने 'स्टाल्कर : शॅडो ऑफ चेर्नोबिल' हा विज्ञानकल्पित खेळ प्रकाशित केला आणि २००८ व २००९ साली 'क्लिअर स्काय' व 'कॉल ऑफ प्रिप्यात' असे त्याचे आणखी दोन भाग काढले, तेव्हा त्यांच्या मागे एक असामान्य वंशावळ उभी होती. आंद्रेई तारकोव्हस्कीचा १९७९ सालचा 'स्टाल्कर' हा चित्रपट, त्यामागे अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची १९७२ सालची कादंबरी, आणि या दोहोंच्या मध्ये नव्हे तर नंतर, म्हणजे १९८६ साली, प्रत्यक्ष घडलेली एक दुर्घटना. कल्पिताने आधी एक प्रदेश रचावा, इतिहासाने मागाहून तो प्रदेश पृथ्वीवर आखून द्यावा आणि तिसऱ्याच माध्यमाने त्या दोहोंचा सांधा जुळवावा, असे उदाहरण जागतिक साहित्यात विरळच.

वंशावळीचा माग मात्र त्याहूनही मागे जातो, आणि तो मुंबईत जन्मलेल्या एका लेखकापाशी पोचतो. रडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील लॉकवुड किपलिंग सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक होते. किपलिंगची 'जंगल बुक' आणि 'किम' ही पुस्तके भारतीय वाचकांच्या ओळखीची आहेत; १८९९ साली प्रसिद्ध झालेले 'स्टॉकी अँड कंपनी' हे पुस्तक तितकेसे नाही. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील एका निवासी शाळेतील तीन व्रात्य मुलांच्या या कथा. त्यांच्या म्होरक्याला 'स्टॉकी' हे टोपणनाव मिळाले आहे, आणि शाळेच्या बोलीत त्याचा अर्थ चतुर, बेरकी, डाव साधून सहीसलामत परतणारा असा आहे. पुढे हाच मुलगा लष्करी अधिकारी होऊन हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर आपले शालेय डाव लढवतो. किपलिंगच्या साम्राज्यनिष्ठेचा दर्प या पुस्तकाला आहेच. तो टाळून ते वाचता येत नाही.

हे पुस्तक बोरिस स्त्रुगात्स्कीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले. त्याने ते थोरल्या भावाला भेट दिले. अर्कादी त्या वेळी लष्करी भाषासंस्थेत शिकत होता. त्याने या कथांचा एक कच्चा रशियन अनुवादही करून ठेवला. पुढे निषिद्ध प्रदेशात चोरून शिरणाऱ्या आणि तेथील वस्तू बाहेर काढून विकणाऱ्या माणसांना काय म्हणावे हा प्रश्न बंधूंपुढे आला, तेव्हा त्यांना किपलिंगचा हा बेरकी मुलगा आठवला. इंग्रजी उच्चारात मधला 'ल' लोपतो. रशियन लिपीत तो लिहिला गेला आणि उच्चारलाही जाऊ लागला. अशा रीतीने 'स्टाल्कर' हा शब्द रशियन भाषेत आला. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ शिकारीचा दबक्या पावलांनी माग काढणारा, आणि अलीकडचा अर्थ कोणाचा तरी नकोसा पाठलाग करणारा. रशियनमध्ये यांपैकी काहीच राहिले नाही. तेथे स्टाल्कर म्हणजे जिवावर उदार होऊन अज्ञातात शिरणारा आणि इतरांना वाट दाखवणारा. उसना घेतलेला शब्द दुसऱ्या भाषेत जाऊन आपल्या मूळ घराहून श्रीमंत व्हावा, असा हा प्रकार.

कादंबरीचे रशियन नाव 'पिकनिक ना अबोचिने', म्हणजे रस्त्याकडेची सहल. १९७१ साली ती लिहून झाली आणि १९७२ साली 'अव्रोरा' या लेनिनग्राडच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा विषय परग्रहवासीयांचे आगमन हाच आहे, पण ज्या रीतीने तो हाताळला आहे ती रीत एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'पासून चालत आलेल्या साऱ्या परंपरेकडे पाठ फिरवणारी आहे. कादंबरीत परग्रहवासी कोणालाही दिसत नाहीत. ते येऊन गेलेले आहेत. ज्या सहा जागी ते उतरले, तेथील जमीन बदलून गेली आहे. गुरुत्वाकर्षण तेथे मधूनच घट्ट होते आणि माणसाला चिरडते; तळघरांत साठलेला एक विचित्र द्रव हाडे वितळवतो; आणि या सापळ्यांच्या मधोमध काही अनाकलनीय वस्तू पडलेल्या आहेत, ज्यांना बाहेरच्या बाजारात प्रचंड किंमत येते. हार्माँट या कल्पित गावातील रेड्रिक शुहार्ट रात्री कुंपण ओलांडून त्या आणतो, पकडला जातो, तुरुंगात जातो, सुटतो, पुन्हा जातो. त्याची मुलगी बापाने क्षेत्रात घालवलेल्या दिवसांची खूण अंगावर घेऊन जन्मली आहे, आणि ती दिवसेंदिवस माणूसपणापासून दूर चालली आहे.

शीर्षकातील सहलीचा उलगडा कादंबरीतील एक शास्त्रज्ञ दारूच्या गुत्त्यात बसून करतो. वाटेने जाणारी काही मंडळी गाडी थांबवतात, जेवतात, गातात, रात्र काढतात आणि निघून जातात. मागे उरतो तो कचरा, तेलाचे डाग, विसरलेली हत्यारे. झुडपांतून दबकत बाहेर येणाऱ्या किड्यामुंग्यांना त्याचा काय अर्थ लागणार? मानवजातीचे स्थान या उपमेत किड्यामुंग्यांचे आहे. परग्रहवासी आले ते आपल्यासाठी आलेच नव्हते, त्यांनी आपल्याकडे पाहिलेही नसेल, हा विचार शत्रुत्वाच्या विचारापेक्षा अधिक अपमानकारक आहे, आणि स्त्रुगात्स्कींच्या कल्पकतेचे मर्म येथे आहे.

या कल्पकतेच्या मागे दोन जीवने आहेत. अर्कादीचा जन्म १९२५ चा, बोरिसचा १९३३ चा. जर्मन फौजांनी लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यातील पहिला हिवाळा या कुटुंबाने उपाशीपोटी काढला. वडील १९४२ साली वेढ्यातून बाहेर पडल्यावर दगावले, आणि लहानगा बोरिस आईसह शहरातच राहिला होता. पुढे अर्कादी जपानी भाषेचा अनुवादक झाला, बोरिस पुलकोव्हो वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ. एक भाऊ मॉस्कोत, दुसरा लेनिनग्राडमध्ये. एकत्र आले की वाक्यावाक्याने लिहायचे. शिवाय रशियन वाचकाला 'झोना' म्हणजे क्षेत्र हा शब्द एकट्याने कधीच भेटत नाही. त्या भाषेत बंदीछावणीचे काटेरी कुंपणाआतील आवारही 'झोना'च असते. कादंबरी कुठल्याशा इंग्रजी भाषिक देशात घडते हे खरे. पण शब्दाच्या पोटात काय दडले आहे हे लेनिनग्राडच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

संपादकांनाही ते सांगावे लागले नसावे. पुस्तकरूपाने ही कादंबरी येण्यास आठ वर्षे लागली. 'मोलोदाया ग्वार्दिया' या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखितावर जे आक्षेप घेतले ते तीन सदरांत मोडणारे होते : पात्रांचे अनैतिक वर्तन, शारीरिक हिंसा आणि ग्राम्य भाषा. विचारसरणीवर उघड आक्षेप एकही नाही; सारे काही सभ्यतेच्या नावाखाली. १९८० साली संग्रहातून ती निघाली तेव्हा पात्रांच्या तोंडची भाषा धुऊन पुसून काढलेली होती. बोरिसने पुढे हा पत्रव्यवहार तपशिलाने लिहून ठेवला आहे, आणि सोव्हिएत प्रकाशनव्यवहाराच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा इतका तो बोलका आहे. अन्तोनिना बुइस यांचा इंग्रजी अनुवाद मात्र १९७७ सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता.

कादंबरीच्या शेवटी क्षेत्राच्या गाभ्यात एक सुवर्णगोल आहे. तो इच्छा पुऱ्या करतो अशी वदंता आहे. तिथे पोचण्याच्या वाटेवर एक सापळा आहे, आणि त्याला एक बळी द्यावा लागतो. रेड्रिक यासाठी आर्थर नावाच्या एका कोवळ्या तरुणाला, त्याला काहीही कळू न देता, बरोबर घेऊन येतो. मुलगा आनंदाच्या भरात, सगळ्या जगासाठी सुख मागत पुढे धावतो आणि सापळ्यात सापडतो. रेड्रिक गोलापाशी उभा राहतो, आणि आपल्याला काय मागायचे आहे हे आपल्याला माहीत नाही, असे त्याच्या ध्यानात येते. आयुष्यभर त्याला कोणी विचार करायला शिकवलेले नाही. त्याच्या तोंडून अखेर निघतात ते नुकत्याच मेलेल्या त्या मुलाचेच शब्द. मराठी वाचकाला येथे पसायदानाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि तो फरकही लगेच जाणवेल. ज्ञानदेव वाग्यज्ञ पुरा करून, संतुष्ट देवापुढे, अधिकाराने मागतात. रेड्रिक खून करून, कोण ऐकतो आहे हे ठाऊक नसताना, उसन्या शब्दांत मागतो. दोघेही मागतात ते सर्वांसाठीच. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम याने या कादंबरीतील परग्रहवासीयांच्या गूढतेची वाखाणणी केली, पण हा शेवट परीकथेच्या वाटेने जातो म्हणून तो त्याला पटला नाही. आक्षेप तर्कशुद्ध आहे. तरीही कादंबरी स्मरणात राहते ती याच शेवटामुळे, हे लेमच्या तर्काला पुरून उरते.

तारकोव्हस्कीने कादंबरीतून घेतले ते जवळजवळ एवढेच : क्षेत्र, वाटाड्या आणि इच्छा पुरी करणारी जागा. अद्भुत वस्तू गेल्या, काळा बाजार गेला, परग्रहवासीही जवळजवळ गेले. लेखक आणि प्राध्यापक अशा दोन निनावी माणसांना एक स्टाल्कर क्षेत्रातील एका खोलीपर्यंत नेतो. खोलीच्या उंबरठ्यावर तिघे बसतात. आत कोणी जात नाही. पटकथा स्त्रुगात्स्की बंधूंचीच आहे, पण ती पुन्हा पुन्हा लिहावी लागली. तिचे एक आधीचे रूप 'इच्छायंत्र' या नावाने १९८१ साली स्वतंत्रपणे छापले गेले, आणि ते चित्रपटापासून किती दूर आहे हे पाहण्यासारखे आहे. चित्रण आधी ताजिकिस्तानातील इस्फारा येथे व्हायचे होते. १९७७ च्या आरंभी झालेल्या भूकंपामुळे ते एस्टोनियात तालिनजवळ, ओसाड पडलेल्या जलविद्युत केंद्रांच्या परिसरात हलवले गेले. तेथे उन्हाळाभर केलेले चित्रण प्रयोगशाळेत फिल्म खराब झाल्याने वाया गेले. चित्रपट नव्याने करावा लागला, आणि याच सुमारास तारकोव्हस्कीने नायक बदलून मागितला : चोरटा, राकट रेड्रिक नको, दुसरा कोणी तरी हवा. बंधूंनी दोन दिवसांत नवी संहिता लिहून दिली. तिच्यातील स्टाल्कर हा रशियन परंपरेतील 'युरोदिवी', म्हणजे देवाच्या नावाने वेडा झालेला माणूस होता. कादंबरीतील गुन्हेगाराचा चित्रपटात संत झाला, तो असा फिल्मच्या एका अपघातातून.

चित्रपट सुमारे १६३ मिनिटांचा आहे आणि त्यात केवळ १४२ चित्रखंड आहेत. गाव करड्या-पिवळट छटेत, क्षेत्र रंगीत. आणि या दोहोंमधील प्रवास म्हणजे रुळांवरून जाणाऱ्या एका लहानशा गाडीवर बसलेल्या तिघांच्या डोक्यांची मागून आणि बाजूने घेतलेली चित्रे, सोबत चाकांचा खडखडाट आणि त्यात हळूहळू मिसळत जाणारे एदुआर्द आर्तेम्येव्हचे संगीत. जवळजवळ चार मिनिटे दुसरे काहीच घडत नाही. रंग कधी आला हे प्रेक्षकाच्या उशिरा ध्यानात येते. क्षेत्रातही डोळ्यांना दिसेल असे संकट येत नाही. स्टाल्कर म्हणतो म्हणून वाट वाकडी घ्यायची, तो म्हणतो म्हणून भ्यायचे. श्रद्धा नावाची गोष्ट पडद्यावर दाखवायची तर याहून निराळा मार्ग तारकोव्हस्कीला दिसला नसावा. येथे एका मृत स्टाल्करची कथा सांगितली जाते. भावाच्या प्राणासाठी याचना करायला तो खोलीत गेला, परतला तो श्रीमंत होऊन, आणि मग त्याने गळफास लावून घेतला. खोली तोंडचे मागणे ऐकत नाही, मनाच्या तळाशी असेल तेच देते. खोलीच्या उंबरठ्यावर कोणी पाऊल टाकत नाही, त्याचे हेच कारण.

कल्पवृक्षाखाली बसलेल्या आणि वाघाची शंका मनात येताच वाघाच्या तोंडी गेलेल्या वाटसरूची गोष्ट भारतीय वाचक लहानपणापासून ऐकतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याच्या १९०२ सालच्या 'माकडाचा पंजा' या इंग्रजी कथेतला इच्छापूरक पंजाही हिंदुस्थानातूनच, एका फकिराचा मंत्र घेऊन, इंग्लंडात गेलेला आहे. तेव्हा इच्छापूर्तीतील घात हे आशयसूत्र तारकोव्हस्कीचे नाही. मात्र त्याने त्याला कबुलीजबाबाचे रूप दिले.

२६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीजकेंद्राच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. लगतचे प्रिप्यात हे १९७० साली वसवलेले शहर दुसऱ्या दिवशी रिकामे करण्यात आले. सुमारे ४९,००० माणसे बसगाड्यांतून निघून गेली ती परतली नाहीत. १ मे रोजी सुरू व्हायचा पाळणा तेथील बागेत तसाच उभा राहिला. केंद्राभोवती ३० किलोमीटरचा निषिद्ध प्रदेश आखला गेला, आणि त्याला अधिकृत भाषेत नाव मिळाले ते 'झोना' हेच. भग्न भट्टीवरील काँक्रीटच्या आवरणात शिरून आतील इंधनाचा शोध घेणाऱ्या संशोधकांना सहकारी 'स्टाल्कर' म्हणू लागले. पुढे चोरून प्रिप्यातला जाणाऱ्या तरुणांनीही तेच नाव घेतले. दिसत नाही, ऐकू येत नाही, वास येत नाही असा धोका. सुंदर दिसणारे हिरवे रान. ओलांडू नये अशी रेषा. आणि तेथून चोरून आणलेल्या, विष घेऊन आलेल्या वस्तू. साऱ्याच गोष्टी कादंबरीत आणि चित्रपटात येऊन गेलेल्या होत्या. यावरून दोन्ही कृतींना भविष्यवाणी ठरवण्याची एक लाट आली, आणि ती अजून ओसरलेली नाही. पण भविष्यवाणी म्हटले की लेखकाच्या विचारशक्तीचे श्रेय आपण दैवाला देतो. उरल पर्वताजवळील मायाक येथे १९५७ साली अणुकचऱ्याचा मोठा स्फोट झाला होता आणि सोव्हिएत सरकारने तो तीन दशके दडवून ठेवला. कोणी काही सांगत नाही, कुंपण मात्र दिसते, या अनुभवात जगणाऱ्या समाजाला क्षेत्राची कल्पना सुचावी यात दैवी काही नाही. तारकोव्हस्की त्याच वर्षी, २९ डिसेंबर १९८६ रोजी, पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत कर्करोगाने वारला. लेखकाची भूमिका करणारा अनातोली सोलोनित्सिन १९८२ सालीच गेला होता. चित्रणस्थळाच्या वरच्या अंगाला असलेला रसायनांचा कारखाना नदीत विषारी पाणी सोडत असे, आणि या मृत्यूंचे मूळ तेथे असावे, असा संशय चित्रपटाचे ध्वनिसंयोजक व्लादिमीर शारुन यांनी पुढे बोलून दाखवला आहे.

एवढे सारे साचल्यावर कीव्हमधील तरुण खेळकर्त्यांच्या हाती हा वारसा आला. २००१ साली त्यांनी जाहीर केलेल्या खेळाची कल्पना बरीच निराळी होती. चेर्नोबिलच्या परिसराला प्रत्यक्ष भेट दिल्यावर त्यांनी ती बदलली, तेथील इमारतींची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून खेळातील भूप्रदेश रचला. राजधानीपासून १०० किलोमीटरच्या आसपास असलेली ती जागा त्यांच्यासाठी रूपक नव्हती. खेळात स्टाल्कर या शब्दाच्या अक्षरांमध्ये टिंबे घालून भंगार वेचणारे, घुसखोर, साहसी, एकांडे, मारेकरी, शोधक, लुटारू अशी सात इंग्रजी विशेषणे त्यातून काढली आहेत. ही फोड ओढूनताणून केलेली आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने काही बिघडत नाही.

दुर्लक्ष करू नये अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती वरकरणी क्षुल्लक दिसते. कादंबरीत रेड्रिक क्षेत्रात चालताना खिशातील नट पुढे फेकतो. नट सरळ जाऊन पडला तर वाट मोकळी. मध्येच खाली खेचला गेला तर तेथे मरण आहे. येथे ही कारागिराची युक्ती आहे, अनुभवाने कमावलेली. चित्रपटातील स्टाल्करही नट फेकतो, पण त्याला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली आहे. तो उडतो, गवतात पडतो, काहीही होत नाही, आणि तिघे एकेक करून त्याच्यापर्यंत चालत जातात. येथे ती पूजाविधीतील एक क्रिया झाली. खेळात खेळणाऱ्याच्या हाती बोल्ट दिलेले आहेत, ते कधीच संपत नाहीत, आणि ते फेकल्यावर हवेतील अदृश्य सापळा खरोखरच चमकतो, गरजतो. प्रेक्षक ज्याकडे बघत होता ते आता त्याला स्वतः करावे लागते. तारकोव्हस्कीने प्रेक्षकाकडून जो संथपणा सक्तीने वसूल केला होता, तो येथे भीतीपोटी आपोआप येतो. धावणारा मरतो. ही गोष्ट वाक्याने किंवा चित्राने साधणारी नाही. खेळ या माध्यमाचे स्वत्व कोठे आहे, या प्रश्नाचे काहीएक उत्तर या बोल्टपाशी मिळते.

कथानकात पूर्वसूरींचे ऋण ठिकठिकाणी दिसते. क्षेत्रातील वस्तू आणून तळघरातल्या व्यापाऱ्याला विकणे हे सरळ कादंबरीतून आले. शेकोटीभोवती बसून गिटार वाजवणारे, विनोद सांगणारे स्टाल्कर हे कादंबरीतील दारूच्या गुत्त्याचे वंशज. माणसाची बुद्धी भाजून काढणारे एक प्रक्षेपणकेंद्र खेळात आहे. चेर्नोबिलजवळ उभ्या असलेल्या 'दुगा' या प्रचंड सोव्हिएत रडारची ती छाया आहे, पण स्त्रुगात्स्कींच्या १९६९ सालच्या 'वसलेले बेट' या कादंबरीतील, साऱ्या राष्ट्राची मने ताब्यात ठेवणारे मनोरेही ते पाहताना आठवतात.

सर्वांत विलक्षण रूपांतर इच्छापूर्तीच्या जागेचे झाले आहे. भग्न अणुभट्टीच्या आवरणात एक प्रचंड शिलाखंड आहे आणि तो इच्छा पुऱ्या करतो अशी क्षेत्रात ख्याती आहे. खेळणारा तेथे पोचला की त्याला काय हवे ते विचारले जाईल, अशी अपेक्षा असते. तसे विचारले जात नाही. तोवर तो कसा वागला, गाठीला किती पैसा जमवला, किती जणांना मारले, लोकांत त्याची पत काय राहिली, यावरून त्याची इच्छा ठरवली जाते. धनलोभ्याला वरून नाण्यांचा वर्षाव होताना दिसतो, आणि प्रत्यक्षात पडक्या छताचे लोखंड त्याच्या अंगावर कोसळत असते. अमरत्वाची इच्छा निघाली तर त्याचा धातूचा पुतळा होतो. क्षेत्र नाहीसे व्हावे अशी निघाली तर त्याची दृष्टी जाते, म्हणजे त्याच्यापुरते ते नाहीसे होते. तोंडचे नव्हे, मनाच्या तळाचे, हे चित्रपटातील तत्त्व येथे गणिताने अमलात आणले आहे. कल्पवृक्षाच्या कथेचा आणि तारकोव्हस्कीच्या खोलीचा इतका काटेकोर अर्थ क्वचितच कोणी लावला असेल. मात्र हिशेबात बसणारी सद्सद्विवेकबुद्धी ही अखेर हिशेबच, हेही म्हटले पाहिजे. चित्रपटातील तिघे उंबरठ्यावर बसून राहतात; खेळात बसून राहण्याला शेवट नाही.

या शिलाखंडाला फसले नाही तर खेळाचा खरा शेवट गाठता येतो, आणि त्यात क्षेत्राची कारणमीमांसा दिली आहे. काही शास्त्रज्ञांनी आपली मने एकत्र जोडून पृथ्वीभोवतीच्या विचारावरणात हस्तक्षेप केला. माणसातील क्रौर्य कायमचे दूर करण्याचा त्यांचा हेतू होता. प्रयोग फसला आणि क्षेत्र निर्माण झाले. ही 'विचारावरणा'ची कल्पना व्लादिमीर व्हेर्नाद्स्की या शास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेली आहे, आणि तो १९१८ साली स्थापन झालेल्या युक्रेनच्या विज्ञान अकादमीचा पहिला अध्यक्ष होता. रचनेच्या दृष्टीने हा उलगडा कथेला हानी पोचवतो. कादंबरी उत्तर देत नाही, चित्रपट देत नाही, आणि दोन्ही कृतींचे बळ त्या नकारात आहे. परंतु १९८६ नंतर कीव्हमध्ये बसून क्षेत्राचा दोष परग्रहवासीयांवर टाकणे शक्य नव्हते. तेथील क्षेत्र माणसांनीच, भल्याच्या गोष्टी बोलत, निर्माण केले होते. खेळकर्त्यांनी कलेची शिस्त मोडली, ती या ठिकाणी इतिहासाच्या शिस्तीपुढे मोडली असे मानण्यास जागा आहे.

एक तूट मात्र कोणत्याही समर्थनाने भरून निघत नाही. पहिल्या तीन खेळांतील क्षेत्रात स्त्री जवळजवळ दिसत नाही, मूल दिसत नाही. कादंबरीत रेड्रिक जातो तो मुलीमुळे आणि मुलीसाठी. चित्रपटाचा शेवट पांगळ्या मुलीवर होतो, आणि त्याआधी स्टाल्करची पत्नी सरळ प्रेक्षकाकडे पाहून आपल्या संसाराविषयी बोलते. क्षेत्राची किंमत घरी कोण मोजते, हा प्रश्न दोन्ही कृतींनी सोडलेला नाही. खेळातील स्टाल्करला घरच नाही, स्मृतीही नाही. स्मृतिभ्रष्ट अवस्थेतच तो पहिल्या खेळाच्या आरंभी शुद्धीवर येतो.

या खेळाचे पडसाद साहित्यात परत उमटले. स्टाल्करांच्या जगावर रशियन भाषेत कादंबऱ्यांची मालिकाच निघाली. त्यांपैकी बहुतेकींत वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा नाही. दमित्री ग्लुखोव्हस्कीच्या 'मेट्रो २०३३' या कादंबरीत अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहणारे लोक जमिनीवर जाऊन येणाऱ्यांना स्टाल्कर म्हणतात, आणि त्या कादंबरीवरील २०१० चा खेळही कीव्हमध्येच, 'जीएससी'तून बाहेर पडलेल्या मंडळींनी घडवला. युक्रेनवरील आक्रमणाविरुद्ध लिहिल्याबद्दल ग्लुखोव्हस्कीला २०२३ साली रशियन न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा ठोठावली.

ते आक्रमण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी रशियन फौजांनी चेर्नोबिलच्या निषिद्ध प्रदेशातून येऊन अणुवीजकेंद्राचा ताबा घेतला. मार्चअखेरीस त्या तेथून निघून गेल्या. त्या वेळी मालिकेचा चौथा खेळ अपुरा होता. 'जीएससी'चे बरेच लोक प्राग येथे हलले, काही मागे राहिले, काही सैन्यात गेले. पूर्वी तेथे काम केलेला एक खेळकर्ता त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाख्मुतजवळ लढताना मारला गेला. अपुऱ्या खेळाच्या नावातील 'चेर्नोबिल' हे रशियन रूप काढून त्या जागी 'चोर्नोबिल' हे युक्रेनी रूप घालण्यात आले, आणि रशियन भाषेतील आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर झाले. पहिल्या खेळांतील शेकोटीभोवतीची माणसे प्रामुख्याने रशियनच बोलत होती. लेनिनग्राडच्या दोन भावांनी रशियनमध्ये लिहिलेल्या आणि मॉस्कोच्या दिग्दर्शकाने रशियनमध्ये चित्रित केलेल्या वारशाशी या निर्णयाचे नाते काय, यावर दोन्ही बाजूंनी कडवट लिहिले गेले. सोव्हिएत नियंत्रकांनी ज्यांची भाषा धुऊन काढली होती, ते लेखक कोणत्या राष्ट्राचे म्हणायचे, हा प्रश्न त्या वादात कोणी फारसा विचारला नाही. बोरिस स्त्रुगात्स्की २०१२ साली निवर्तला होता, अर्कादी १९९१ साली.

'स्टाल्कर २ : हार्ट ऑफ चोर्नोबिल' हा खेळ २० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रकाशित झाला. त्यातील पात्रे युक्रेनी बोलतात. स्टाल्कर हा शब्द तेवढा जुन्याच उच्चाराने, मधल्या 'ल'सह, कायम आहे.